फोर्ज्ड पिस्टन मागवताय? आधी ब्लॉक मोजून घ्या

जुन्या ऑक्टाव्हियाचं १.८ टर्बो इंजिन खोलून बसलेल्या लोकांचा मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे कुठल्या कंपनीचे फोर्ज्ड (ओतलेले नाही, दाबून घडवलेले) पिस्टन घेऊ, आणि माझं उत्तर दरवेळी तेच असतं, कंपनी नंतर बघू, ब्लॉक मोजलास का?

या इंजिनावर माझा जीव आहे हे आधीच सांगतो. ऑक्टाव्हिया म्हणजे स्कोडाने २००१ मध्ये आपल्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवायला घेतलेली गाडी, आणि तिच्या आपल्याकडच्या आरएसमध्ये हे १७८१ सीसीचं २० व्हॉल्व्हवालं इंजिन आलं, १५० पीएस आणि २१० एनएम. लोखंडी ब्लॉक, एकदम दणकट. कच्चा दुवा एकच, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला की टॉर्क कमी आरपीएमलाच धाडकन येतो आणि रॉड वाकतो. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचं हेच झालं, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी यायला लागलं, इंजिन खोललं तर रॉड वाकलेला आणि त्याच सिलिंडरला उभे ओरखडे. मग रॉड बदलतोयच तर पिस्टनही फोर्ज्डच टाकू असं ठरलं, आणि ते बरोबरच आहे, कारण इंजिन परत परत कोण खोलणार.

तर ब्लॉक. ओरिजिनल बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८१ मिमी. फोर्ज्ड पिस्टन ८१, ८१.५, ८२ असे पुढे ८३ पर्यंत मिळतात आणि लोकांना वाटतं थेट ८३ करू, सीसी वाढेल. वाढतात किती, तर १७८१ चे जवळपास १८७०. टर्बो गाडीत एवढी पॉवर बूस्ट थोडा वाढवला तरी मिळते, आणि त्या बदल्यात सिलिंडरची भिंत कायमची पातळ करून बसता, पुढच्या वेळी बोर करायला जागाच नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली आणि दोन्ही दिशांनी बोअर गेजने मोजायचा, झीज आणि ओव्हॅलिटी (गोलाई किती बिघडली) किती ते लिहून काढायचं आणि सगळे ओरखडे जातील एवढाच कमीत कमी ओव्हरसाइज घ्यायचा. मित्राच्या ब्लॉकला ८१.५ पुरलं.

मोजमाप आधी पण बोरिंग मात्र पिस्टन आल्यावरच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या काकांकडे आम्ही ब्लॉक नेला त्यांनी तर सरळ सांगितलं, "पिस्टन हातात घेऊन या, मग बोर मारतो." अगदी खरं बोलले, कारण पिस्टन गोल नसतो हो! पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणारी दांडी) दिशेला किंचित कमी, आडव्या दिशेला जास्त, वर निमुळता, आणि तो नेमका कुठे मोजायचा ते कंपनीच्या कागदावर दिलेलं असतं. काकांनी चारही पिस्टन त्या पॉइंटला मायक्रोमीटरने मोजले, वर १, २, ३, ४ लिहिलं आणि प्रत्येक बोर त्या त्या पिस्टनच्या मापाने होन केला, म्हणजे शेवटचं बारीक घासून मापात आणला, तेही हेडच्या जागी टॉर्क प्लेट बांधून, म्हणजे हेड आवळल्यावर ब्लॉक जसा ताणला जातो तशाच अवस्थेत. टॉर्क प्लेट नसलेल्या वर्कशॉपमध्ये महागडा पिस्टन घेऊन जाण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मटेरियल. फोर्ज्ड म्हटलं की संपलं असं नाही, मुख्यतः दोन अलॉय येतात, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के असतं त्यामुळे तो तापल्यावर कमी फुगतो, पिस्टन आणि सिलिंडरमधला क्लिअरन्स कमी ठेवता येतो, थंडीत सकाळी आवाज करत नाही आणि रिंगच्या खाचाही जास्त टिकतात. २६१८ मध्ये सिलिकॉन नावालाच. कॉन्कॉर्ड विमानाचा सांगाडा ज्या अलॉयचा होता तो याचाच भाऊ, उष्णतेत ताकद टिकवणारा. तो जास्त चिवट, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोका बसणं) झालं तर पटकन तडकत नाही, ठोका सोसतो, पण फुगतो जास्त म्हणून क्लिअरन्स ०.०८ मिमीच्या आसपास किंवा वरही ठेवावा लागतो आणि इंजिन गरम होईपर्यंत पिस्टन सिलिंडरवर टकटक वाजतो. रोज ऑफिसला जाणारी, के०३ किंवा के०४ अशा लहान टर्बोवरची गाडी असेल तर मी ४०३२ च घ्या म्हणेन. मोठा टर्बो, ३०० पीएसच्या वरची पॉवर, ड्रॅग किंवा ट्रॅक असेल तरच २६१८. मालेच्या मोटरस्पोर्ट पिस्टनमध्ये ४०३२ बरेच मिळतात, जेई आणि वोसनरकडे २६१८ जास्त, पण नावावर जाऊ नका, पार्ट नंबर देऊन अलॉय विचारूनच घ्या.

कॉम्प्रेशन रेशोचं पण तसंच. ओरिजिनल ९.५ आहे. मित्र ८.५ करायच्या विचारात होता, मी त्याला ९ वर थांबवलं, कारण ८.५ ला बूस्ट यायच्या आधी गाडी मेल्यासारखी चालते आणि आंबा घाटात दुसऱ्या गिअरला ते फार जाणवतं. ८१.५ च्या बोरला ९.५ चं ९ करायला चेंबरची जागा फक्त ३.३ सीसी वाढते, पिस्टनच्या माथ्यावरच्या एवढ्याशा डिशवर (खळग्यावर) गाडीचा अख्खा स्वभाव ठरतो. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनवालं एक्सपी१०० २०२० च्या शेवटी पुण्या-मुंबईत आलं खरं पण प्रवासात ते प्रत्येक पंपावर कुठे मिळतं, तेव्हा हिशोब ९५ ऑक्टेनवरच करा.

ऑर्डर देताना पिन बघा, या इंजिनात १९ मिमीची पण येते आणि २० ची पण, रॉड आणि पिस्टन एकाच मापाचे हवेत. व्हॉल्व्ह सिलिंडरमागे पाच आहेत, तीन इनटेकचे, दोन एक्झॉस्टचे, म्हणून पिस्टनच्या क्राउनवर (माथ्यावर) खाचा पण पाच आणि त्यांचा क्लिअरन्स क्ले लावून तपासायचा. खाली ऑइल जेटला (पिस्टनवर तेल उडवणारी नळी) स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) घासत नाही ना हे क्रँक हाताने फिरवून बघायचं.

आणि रिंग गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, याच्यावर तडजोड अजिबात नको. टर्बोला वरच्या रिंगला बोरच्या प्रत्येक मिमीला ०.००५५ च्या आसपास धरतात, म्हणजे ८१.५ ला साधारण ०.४५ मिमी, पण शेवटचा शब्द किटसोबतच्या तक्त्याचा. रिंग बोरमध्ये घालायची, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलायची, फीलर गेज सरकवायचा, कमी असेल तर एकाच टोकाला बाहेरून आत घासायचं, बर (कडेला राहिलेली धार) काढायचा, परत मोजायचं. वेळखाऊ काम आहे पण गॅप कमी राहिला तर रिंग तापून टोकाला टोक भिडतं आणि फोर्ज्ड पिस्टनची लँडसुद्धा (रिंगच्या खाचांमधली कड) तुटते, तिथे कुठलाच ब्रँड वाचवत नाही.

मित्राचं इंजिन आता रनिंग-इनवर आहे, मिनरल ऑइल, बूस्ट कमी, पहिला फिल्टर कापून बघितला, चुरा नाही. पुढचं ट्यूनिंग झालं की नॉकचे लॉग इथेच टाकतो.