चांदीचं तवसं

श्रावणाचा पहिला दिवस, आणि आमच्या मागच्या पडवीतून जळक्या मासळीचा वास. शेजारच्या वहिनी कुंपणावरून डोकावल्या. "अगो, श्रावणात? आणि बंदीच्या दिवसांत तुला मासळी मिळाली तरी कुठे?"

गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, त्यामुळे त्यांचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त कळकळीचा होता.

"मासळी नाही वहिनी, माकुलाचं हाड. चांदी ओततेय," मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

मी फोंड्याला राहते आणि घरीच चार्म करते. ब्रेसलेटला, पैंजणाला, किल्ल्यांच्या छल्ल्याला लटकवायचे नखाएवढे दागिने: काजूचं बोंड, बांगडा, होडी, कुणाच्या नावाचं अक्षर. कड्या आणि साखळ्या तयार आणते, चार्म मात्र स्वतः ओतते, आणि साचा करते समुद्रफेनाचा. माकुलाच्या पाठीत असतं ते पांढरं, होडीसारखं हाड. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं, पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला देतात तेही हेच. मला मिरामारच्या वाळूत फुकट मिळतं. एका बाजूला कडक कवच, दुसऱ्या बाजूला इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. दोन हाडांच्या मऊ बाजू सपाट फरशीवर घासून एकमेकींना चिकटतील अशा करायच्या, मधे नमुना ठेवून दोन्ही तळव्यांनी हळूहळू दाबायचं. नमुना काढला की त्याचा ठसा उरतो. वर नरसाळ्यासारखं तोंड कोरायचं, हवा जायला बारीक चरे ओढायचे, तारेने बांधायचं आणि वितळलेली चांदी ओतायची. साचा एकदाच चालतो, आतून जळून काळा होतो. वास येतो तो तेव्हा.

त्या आठवड्यात कुर्टीहून एक मावशी आल्या होत्या. नातू चार महिन्यांचा. त्याच्या करगोट्यात घालायला त्यांना चांदीचं तवसं हवं होतं.

"काकडी?" मी विचारलं.

"काकडी नव्हे गो, तवसं. तळावलीचं."

मग माझ्या लक्षात आलं. तळावलीला सांत आनाचं, म्हणजे येशूच्या आजीचं चर्च आहे, १६९५ साली बांधून झालेलं. जुलैच्या अखेरीस तिथे फेस्त असतं, त्याला सगळे तवशांचं फेस्तच म्हणतात. मूल व्हावं म्हणून जोडपी सांत आनाला तवसं वाहतात, हिंदूही आणि ख्रिस्तीही. पोर्तुगीज काळापासून त्यामागे एक यमक आहे: पेपिनु घे आणि मेनिनु दे. पेपिनु म्हणजे काकडी, मेनिनु म्हणजे बाळ. मावशींच्या सुनेने दोन वर्षांपूर्वी तवसं वाहिलं होतं. या रविवारी सगळे पुन्हा जाणार होते, नातवाला घेऊन. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस.

खरं सांगायचं तर मला हुशारी सुचली तिथेच घोळ झाला. नमुना कोरत बसण्यापेक्षा परसातल्या वेलावर जायचं. काकडीच्या मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीपासूनच असते, अंगावर बारीक काटे, टोकाला सुकलेलं फूल. दोन सेंटिमीटरची एक तोडली आणि थेट समुद्रफेनात दाबली. ठसा बघून मीच खूश. काटेसुद्धा उठले होते.

बारा ग्रॅम चांदी मुशीत घातली. चार्मला पाचेक ग्रॅम पुरतात, उरलेली तोंडाशी राहते आणि तिच्या वजनाने खालची चांदी कोपऱ्यापर्यंत ढकलली जाते. टाकणखाराची चिमूट टाकली, टॉर्च लावला. ९२५ चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेली, ९०० अंशांच्या आसपास वितळते. आधी ती सुरकुतते, मग एकदम गोळा होऊन आरशासारखी फिरायला लागते. त्या क्षणाला मी अजून कंटाळलेले नाही. मूस उचलली आणि ओतली.

साचा खोकला. दुसरा शब्द नाही. 'फस्स' करून चांदी तोंडातून उलटी वर आली, एक थेंब चष्म्याच्या काचेवर, एक जाड सुती एप्रनला भोक पाडून फरशीवर. मी दोन पावलं मागे भिंतीला. टॉर्च आधी बंद केला, हे त्या दिवसातलं माझं एकमेव शहाणपण.

आवाज ऐकून समोरचे शेट आले. पन्नास वर्षं सोनारकाम केलेला माणूस, आता नजर कमी झाली म्हणून बसून असतात. त्यांनी मला काही विचारलं नाही. डब्यातलं एक न वापरलेलं समुद्रफेन उचललं आणि गालाला लावलं.

"थंड आहे," म्हणाले. "लावून बघ."

मी लावलं. फ्रिजमधून काढल्यासारखं नाही, पण गार. कोरडं हाड गालाला गार लागत नाही. जुलैतली फोंड्याची हवा, त्यात मी त्याच्यावर रसरशीत काकडी चिरडलेली. त्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि वाफेने चांदीला बाहेर काढलं. शेटनी तारा सोडून साचा उघडला. आत अर्धी काकडी, एक बाजू फुटलेली, फोड आल्यासारखी. "आम्ही मातीचा साचा आधी भाजून घ्यायचो," एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.

मग शहाण्यासारखं केलं. एम-सीलचा नमुना वळला, सुकल्यावर कानशीने घासला, सुईने काटे टोचले. दोन हाडं ओव्हनमध्ये मंद आचेवर तासभर ठेवली आणि गरम असतानाच गालाला लावून पाहिली. (गाल भाजला. हेही लिहून ठेवते.) ठसा घेतल्यावर कोरड्या मऊ ब्रशने आत हलकेच फिरवलं, तेव्हा समुद्रफेनाचे थर उघडे पडले, लाटांसारख्या बारीक रेषा. एरवी त्या मी घासून काढते. या वेळी त्या बरोबर लांबीच्या दिशेने धावत होत्या, तवशाच्या अंगावर असतात तशा. चांदीत त्या जशाच्या तशा उतरल्या. मी पॉलिश अर्ध्यावर थांबवलं.

शनिवारी संध्याकाळी मावशी सुनेला आणि नातवाला घेऊन आल्या. त्यांनी तवसं अंगठ्याने चाचपलं, उलटंसुलटं केलं आणि करगोट्याचा काळा गोफ पुढे केला. इथे मात्र मी अडले.

"मावशी, बाळाच्या अंगावर नको. हाताला लागेल ते तोंडात जाईल. तुटून घशात अडकलं तर?"

"आमच्या पोरांनी काय करगोटे घातले नाहीत?"

"घातले. पण हे लोंबतं आहे, गोल आहे, दोन सेंटिमीटरचं आहे. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मी सुटा चार्म करतच नाही. तुम्ही सांगितलंत तेव्हाच बोलायला हवं होतं, ती चूक माझी."

मावशी गप्प झाल्या. रागावल्या होत्या, त्यांचा तसा हक्कही होता. सून तोवर तवसं तळहातावर घेऊन रेषा बघत होती. तिने हातातली नाजूक साखळी सोडून माझ्यासमोर ठेवली. "नवस मी बोलले होते," ती सासूला म्हणाली, "मी घालते."

कडी कशी उघडायची हे लोकांना सांगून थकले आहे: टोकं लांब ओढायची नाहीत, एक पुढे, एक मागे अशी पिळायची, नाहीतर ती पुन्हा गोल होत नाही. तिच्यासाठी मी कडीला डाख लावून जोड बंदच करून टाकला. पोराने ओढलं तरी निघणार नाही. तोपर्यंत पोराने माझी मोजपट्टी चघळून ओली केली होती.

पैसे दिल्यावर मावशी दारात घुटमळल्या. राग उतरला होता, काहीतरी वेगळंच चाललं होतं मनात.

"चमचा करतेस का गो?"

"चार्ममध्ये? कुणासाठी?"

"धाकट्यासाठी. तेहतीस उलटली." आणि सुनेकडे न बघता, हळू आवाजात: "कुल्येर घे, मुल्येर दे. तेही आहे तिथे." कुल्येर म्हणजे चमचा, मुल्येर म्हणजे बायको.

चमच्याचा नमुना सध्या ओव्हनशेजारी सुकतोय.