सनदेआधी राजीनामा

पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर सतरा वर्षं काढून त्रेचाळिसाव्या वर्षी एलएलबी झाले, तेव्हा घरी पेढे वाटले गेले. मग मी सांगितलं, वकिलीच्या सनदेसाठी, म्हणजे परवान्यासाठी, आधी नोकरी सोडावी लागणार. सासूबाई म्हणाल्या, "आणि सनद नाही दिली तर?"

वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेचा, ४९ वा नियम आहे. मी कायद्याच्या सरांशी वाद घातला. सुटीच्या दिवशी कुणाला नोटीस लिहून दिली तर कुणाचं काय बिघडतं? त्यांनी कपाटातून डॉ. हनिराज चुलानींचा १९९६ चा निकाल काढून दिला. चुलानी सर्जन. कायद्याची पदवी घेतली आणि डॉक्टरी चालू ठेवून सनद मागितली. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाने नाही म्हटलं, सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. "पेशंट टेबलावर आणि कोर्टात पुकारा झाला, तर हा माणूस कुठे जाणार?" सर म्हणाले. सर्जनपुरतं मला पटलं. कॅशियरपुरतं अजून पूर्ण पटलेलं नाही. पण राजीनामा दिला.

फीचं त्या मानाने सोपं. सुप्रीम कोर्टाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालाने खुल्या गटाला नोंदणीचे ७५० रुपयेच, हे पक्कं झालंय. खरा वेळ कागदांत गेला. दहावीची मार्कशीट माहेरच्या नावाची, पदवी सासरच्या, म्हणून लग्नाचा दाखला. बारावीनंतर शिक्षणात मोठा खंड, म्हणून गॅप अॅफिडेव्हिट. फौजदारी गुन्हा नाही, कुठे नोकरीला नाही, हे वेगळं लिहून द्यायचं.

तरी बार कौन्सिलची क्वेरी निघालीच, आणि चूक माझी होती. राजीनाम्यावर पोच होती, कार्यमुक्तीचं पत्र जोडलंच नव्हतं. शिवाय प्रश्न : नोकरी करत असताना कॉलेजची हजेरी कशी भरली? आमचं कॉलेज सकाळचं, संस्था साडेदहाला उघडायची. तीन वर्षं मी डबा स्कूटीच्या हुकाला लावूनच लेक्चरला बसले होते. पण हे कागदावर हवं. संस्थेच्या मॅनेजरसाहेबांनी कामाच्या वेळेचं पत्र दिलं, कॉलेजने हजेरीचा दाखला.

त्या रात्री झोप येईना म्हणून अधिवक्ता कायदा, १९६१ उघडला. कलम १० : राज्य बार कौन्सिलची नोंदणी समिती तीन जणांची. कलम २६ : या तिघांना अर्ज नाकारायचा असला, तर कारणांसह बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे मत मागावं लागतं आणि त्या मताप्रमाणेच निकाल द्यावा लागतो. म्हणजे तिघांना वाटलं आणि सनद गेली, असं होत नाही. परीक्षेला हेच कलम मी पाठ केलं होतं. तेव्हा त्यात जीव आहे असं वाटलं नव्हतं.

कागद घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेले, फोर्टात हायकोर्टाच्या आवारात बार कौन्सिलला दिले, रात्रीच्या गाडीने सांगलीला परत. पुढे नोंदणीचा नंबर आला.

आता एआयबीई, म्हणजे नव्या वकिलांची ऑल इंडिया बार परीक्षा. शंभर प्रश्न, पास व्हायला खुल्या गटाला ४५ टक्के. बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्यांची नुसती कलमं असलेली पुस्तकं, आत नेता येतात, पण कोरे. माझे सगळे पेन्सिलीने रंगलेले. काल खोडरबर घेऊन बसले, पुराव्याच्या कायद्याची चार पानं फाटली, शेवटी नवा संच मागवला.