मानिका नोंद ३ : काठवट, शिसं आणि हरवलेले कण

या पावसाळ्यात नकाशा मागे पडला, हात मात्र भिजले.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: मानिका मोझांबिकच्या पश्चिम टोकाला, झिंबाब्वेच्या सीमेलगत, किनाऱ्यापासून दोन-अडीचशे किलोमीटर आत आहे. तिथल्या रेवुए नदीच्या खोऱ्यातल्या रेतीत मिळणाऱ्या सोन्याचा इतिहास गोळा करण्याचा नाद मला लागला आहे. 'गोव्यातल्या डिचोलीच्या माणसाला आफ्रिकेतल्या ओढ्यांशी काय देणंघेणं?' असं घरचे विचारतात. आहे देणंघेणं. १७५२ पर्यंत पोर्तुगीजांच्या मोझांबिकचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता.

गोव्याचा माजी गव्हर्नर फ्रांसिस्को बार्रेतो १५६९ साली लिस्बनहून निघाला तो झांबेझी नदीच्या दक्षिणेकडच्या मोनोमोतापा राज्यातल्या सोन्याच्या खाणी ताब्यात घ्यायला. झांबेझीच्या काठी तापाने सैन्य गळालं, त्से त्से माशीच्या रोगाने घोडे पटापट मेले. माशीचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. नदीकाठच्या सेना या गावातल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी विष घातलं, असं ठरवून त्यांची कत्तल झाली. बार्रेतो १५७३ मध्ये सेनातच वारला. त्याच्या जागी आलेला वास्को फर्नांडिस ओमेम पुढे सोफाला बंदराच्या बाजूने मानिकात पोचला. तिथे सोन्याने भरलेल्या खाणी नव्हत्या. कष्टाने थोडं थोडं सोनं काढणारी माणसं होती. शेतीची कामं संपली, नद्यांचं पाणी उतरलं की रेती धुवायची, आणि हे काम बरंचसं बायकांच्या हाताने व्हायचं.

'थोडं थोडं' म्हणजे किती, हे वाचून कळेना. म्हणून आईची जुनी काठवट घेतली. घर बांधताना उरलेली रेती, आमच्याकडच्या लोहखनिजाची लाल-काळी भुकटी, आणि सोन्याऐवजी जाळ्याच्या शिशाचे कापलेले २० बारीक तुकडे. पाण्याची घनता १ धरली तर साध्या रेतीची २.६५, लोहखनिजाची ५ च्या आसपास, शिशाची ११.३, सोन्याची १९.३. म्हणजे शिसं सोन्यापेक्षा हलकं, रेतीबरोबर वाहून जाण्याची भीती जास्त; सोन्याचं हे सोंग खऱ्या सोन्यापेक्षा अवघड. पहिल्या धुण्यात सहाच तुकडे उरले. मी पाणी गरगर फिरवत होतो, तिथेच चुकत होतो. आई ओट्यावरून म्हणाली, "अरे, हे तांदूळ रोळल्यासारखंच. घुसळू नकोस, हलकं झुलव आणि वरचं सांडू दे." आठव्या खेपेला १७ सापडले. अर्धा तास, घमेलंभर रेती, पाठीचं भजं.

आपल्याकडचे झारेकरी सराफांच्या पेढीवरची धूळ धुऊन सोनं काढायचे, तोच हा हिशोब. फक्त मानिकाच्या रेतीत सोनं आहे की नाही, हे आधी कोणी सांगत नाही.

वजनांचं कोडं मात्र सुटलं. तिथे सोनं मतिकालात मोजत. हा शब्द अरबी मिस्कालवरून आला. वजन सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तोळ्याच्या निम्म्याहूनही कमी. मोझांबिकच्या आजच्या मेतिकल या चलनाचं नावही तेच.

पुढच्या नोंदीत १८३५ मध्ये गोव्यात जन्मलेला मानुएल आंतोनियो द सोझा. मोझांबिकमधल्या गोरोंगोझाचा हा जमीनदार मानिकाच्या सोन्यावरून झालेल्या भांडणात १८९० मध्ये ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या हाती सापडला.

काठवट आता पिठाला चालणार नाही, शिसं लागलंय. आईला नवी आणून द्यायची आहे, आणि ती म्हणते, शिवणाचीच हवी.