बाई, ठिपके कुठायत?

मंगळवार, रात्री

आज बालवर्गात 'म' होता. सगळ्यांच्या पानांवर ठिपक्यांचे म आणि त्यांवरून फिरणाऱ्या पेन्सिली. गिरवण्याच्या तासाला वर्ग जितका शांत असतो तितका एरवी कधीच नसतो, आणि मला तो तास आवडतो तो बराचसा त्यामुळेच. रोजनिशीत तरी हे कबूल करायला हरकत नाही.

खिडकीजवळच्या मुलीनं दोन ओळी गिरवल्या होत्या. एक रेघ इकडची तिकडे नाही. मी शाबासकी दिली आणि सहज म्हटलं, "आता खालच्या कोऱ्या जागेत तुझा तू एक म काढ बघू." ती पानाकडे बघत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "बाई, ठिपके कुठायत?"

मला वाटलं लाजतेय. म्हणून पुढची ओळ तिच्या शेजारी बसून बघितली. खरं तर हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. इतके दिवस मी फक्त भरलेली पानं बघत होते, पान भरताना हात कसा चालतो ते बघतच नव्हते. तिनं आधी डोक्यावरची रेघ ओढली. मग उभी दांडी, तीही खालून वर. पेन्सिल उचलली. मग गाठ, दोन तुकड्यांत. हाताजवळ जो ठिपका असेल तिथून सुरुवात. पान पूर्ण झाल्यावर यातलं काहीच कळत नाही, म सुबकच दिसतो. माझ्यासाठी ते अक्षर होतं, तिच्यासाठी नुसते जोडायचे ठिपके.

यावरचा एक अभ्यास मी कधीतरी वाचला होता. वाचताना पटला आणि वर्गात शिरताच विसरलाही. 2012 सालचा, कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांचा. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून त्यांनी काही अक्षरं हातानं काढून घेतली, काही गिरवून, काही कळफलकावर टंकून, आणि मग तीच अक्षरं बघताना मुलांच्या मेंदूत काय चालतं ते स्कॅन करून पाहिलं. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते जागे झाले, पण हातानं काढलेल्या अक्षरांसाठी. गिरवलेल्या किंवा टंकलेल्या अक्षरांसाठी तसं झालं नाही. त्यांनी सुचवलेलं कारण मला फार आवडलं. मूल स्वतः काढतं तेव्हा प्रत्येक अक्षर वेगळं येतं, एक लठ्ठ, एक कललेलं, आणि इतक्या वेड्यावाकड्या रूपांतून 'म' म्हणजे नेमकं काय ते त्याला उमगतं. ठिपक्यांवरचे दहाही म सारखेच.

म्हणजे गिरवणं टाकून द्यायचं का? नाही. आपल्याकडे धुळाक्षरं होतीच, आणि 1907 साली रोममध्ये बालशाळा सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींनीही खरखरीत कागदाची अक्षरं मुलांना बोटांनी गिरवायला दिली. पण दोन्हीकडे फिरतं ते बोट, पेन्सिल नव्हे. पेन्सिलीवर ताबा यावा म्हणून माँटेसरींनी धातूच्या आकृत्या वेगळ्या ठेवल्या होत्या. अक्षराची वाट हाताला कळणं आणि पेन्सिल आवरणं ही दोन कामं आहेत. माझ्या ठिपक्यांच्या पानावर मी दोन्ही एकदमच मागत होते.

मधल्या सुट्टीनंतर पाट्या काढायला लावल्या. खडूनं प्रत्येकाच्या पाटीवर मोठा म काढून दिला आणि तो ओल्या बोटानं पुसायचा, पण ज्या क्रमानं लिहितो त्याच क्रमानं. "खाली, गाठ, आडवी, उभी दांडी, डोक्यावर रेघ." तालावर म्हणत म्हणत. ओल वाळायच्या आत पुन्हा एकदा बोट फिरवायचं, आणि पाटी कोरडी झाली की तिथेच खडूनं आपला म. वर्गात प्रचंड गोंधळ झाला. दोघांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

एकानं 'म' म्हणून 'भ' काढला. डोक्यावरची रेघ तोडली, बाकी हुबेहूब. हे मला चुकीपेक्षा चांगलंच लक्षण वाटलं, कारण भ नुकताच झाला होता आणि तो याच्या हातात उतरलाय.

डावखुऱ्या मुलाचंही आजच लक्षात आलं. नमुन्याचं अक्षर ओळीच्या डाव्या टोकाला छापलेलं असतं आणि लिहिताना त्याचा हात नेमका त्यावरच येतो. बिचारा दर वेळी हात उचलून डोकावतो. मी त्याला चुळबुळ्या समजत होते! त्याच्या ओळीच्या उजव्या टोकालाही अक्षर काढून दिलं.

पानांचंच निघालंय तर, संगणकावरून काढलेल्या पानांत 'ल' बऱ्याचदा हिंदी वळणाचा येतो. फळ्यावर मी दोन पाकळ्यांचा काढते आणि कागदावर मुलांना भलताच दिसतो. 'ल'ची पानं हातानंच करावी लागणार.

शाळा सुटताना एक बाबा भेटले. घरी रोज पाच पानं गिरवून घेतात म्हणाले, तरी अक्षर सुधारत नाही. मनगटातली आठही हाडं जन्मतः नुसती कूर्चा, म्हणजे मऊ हाडं, असतात आणि ती पक्की व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, हे सांगितलं. पाच पानांऐवजी कणीक मळायला द्या, असंही म्हटलं. चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

खिडकीजवळच्या मुलीनं शेवटी एक म काढला. गाठ गोटीएवढी, दांडी पडायला आलेली, पण सुरुवात वरून, डावीकडून. पुसू दिला नाही तिनं. पाटी तशीच छातीशी धरून, फ्रॉकला खडू लावून घेत घरी घेऊन गेली.

उद्याच्या 'न'ची 30 पानं कालच काढून ठेवलीत. मागची बाजू कोरी आहे, तीच वर करून देईन.