"म्हणजे फिजिओथेरपीच ना?"

आत्याने आज परत फोनवर तेच विचारलं. एमडी पीएमआर (फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे आजार किंवा इजेनंतर माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं करणारी डॉक्टरकी), 3 वर्षांचा कोर्स, माझं दुसरं चालूए आणि अजून निम्म्या नातेवाइकांना समजावून झालेलं नाही 😅

तर आज सेरेब्रल पाल्सीची (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होतो, ते) ओपीडी होती. 5 वर्षांचा पोरगा, टाचा टेकतच नाहीत, चवड्यांवर चालतो, आई रात्रभर एसटीने आलेली. सोनोग्राफीवर बघत पोटरीत बोटॉक्स दिलं (हो तेच, सुरकुत्यांवालं), मॅडम शेजारी उभ्या, सुई माझ्या हातात आणि हात थरथरतोय, पोरगं मात्र मोबाईलवर कार्टून बघत निवांत. आई म्हणाली, आता नीट चालेल ना? मग सांगावं लागलं की स्नायू सैल पडतो तोही 3-4 महिनेच, तेवढ्यात स्ट्रेचिंग, प्लास्टर, स्प्लिंट (पाय नीट धरून ठेवणारा आधार) सगळं जमवायचं, मेंदूतली इजा तशीच राहते. मॅडम हे सांगताना आधी खुर्ची ओढून बसल्या. मी उभीच होते, वेड्यासारखी.

जाताना पोरगं विचारतं, "माझा बूट लाल मिळेल का?" स्प्लिंटला बूट म्हणतो. वर्कशॉपमध्ये जाऊन आलेय, लाल पट्टे आहेत म्हणे.