नदीकाठचा अली फारका

रविवार, रात्रीचे साडेदहा

संध्याकाळपासून अली फारका तुरे या पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या गायक-गिटारवादकाची गाणी लावून बसले आहे. स्वयंपाक झाला, भांडी झाली, उद्याच्या डब्याची मटकी भिजत घातली, तरी गाणं चालूच. शब्द एक कळत नाही. सोंघाय, फुलानी, तमाशेक अशा मालीतल्या कितीतरी भाषांत तो गायचा. पण गिटारची एक तार खाली घुमत राहते आणि तिच्यावर दुसरी सूर तोडत-जोडत पुढं जाते, ते ऐकलं की मला आमच्या देवळातली एकतारीच आठवते.

त्याचं मूळही एका तारेतच आहे. पोरवयात हातात पहिलं आलं ते न्जुर्केल, एका तारेचं वाद्य. तसंच न्जारका, तेही एका तारेचं, पण गजानं वाजवायचं. गिटार कितीतरी नंतरची. १९५६ साली गिनीच्या फोदेबा केइता या कलावंताचा कार्यक्रम त्यानं पाहिला आणि गिटारचं वेड लागलं. स्वतःची गिटार मात्र घेतली १९६८ मध्ये, तीही बल्गेरियात, सोफियाला कार्यक्रमासाठी गेला तेव्हा. एकोणतिशीला आलेला माणूस तोवर शिंप्याच्या हाताखाली राबला होता, टॅक्सी चालवली होती, नदीतून रुग्णांची नाव नेली होती. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

आज जे वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले, ते त्याच्या नावाबद्दल होतं. १९३९ साली नायजर नदीच्या काठी तो जन्मला. आईची आधीची नऊ लेकरं तान्हेपणीच गेली होती. हा दहावा. जगला. म्हणून नाव पडलं फारका, म्हणजे गाढव. गाढवासारखा चिवट, कशानं न मरणारा.

आमच्या भावकीत एक धोंडीबाकाका होते. त्यांच्या आधी चार गेली होती. आजी सांगायची, पोर राहत नसलं की दगड, धोंडा, केर असलं काहीतरी नाव ठेवायचं, म्हणजे मरणाला वाटतं हे काय उचलायचं, आणि ते दारावरनं पुढं जातं. सहाराच्या कडेला असलेल्या त्या गावात एका आईनं तेच केलं होतं. ती आमच्या आजीला भेटली असती तर दोघींना एकमेकींना समजावून सांगायला काही लागलं नसतं.

बापाचं सुखही त्याला नाही. वडील फ्रेंच सैन्यात होते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेले. आई त्याला घेऊन नियाफुंकेत राहिली आणि तेच त्याचं गाव झालं. त्याची आजी नदीतल्या शक्तींचं करणारी, मोठा मान असलेली बाई. अली स्वतः मुसलमान, श्रद्धावान. तरी तेराव्या वर्षी नदीच्या शक्तींनी आपल्याला धरलं होतं, बरं होण्यासाठी वर्षभर दुसऱ्या गावी राहावं लागलं, आणि वाजवणं तिथूनच अंगात आलं, असं तो सांगे. आमच्याकडे पाण्याच्या जागी साती आसरांची तांदळं असतात, कुणाला आसरा लागल्याचं बोललं जातं. त्यामुळे मला हे सगळं अगदी ओळखीचं वाटलं.

लोक त्याला अमेरिकेतल्या ब्लूज गायक जॉन ली हूकरच्या शेजारी बसवतात. अलीचं म्हणणं उलट होतं. हूकरचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, हे तर आपल्याकडचंच. इथून गुलाम करून नेलेल्या माणसांसोबत ते समुद्रापार गेलं, एवढंच. मला त्याचं पटतं. झाडाची फांदी दाखवून कुणी मुळाला तुलना लावू नये.

मालीच्या राजधानीत, बामाकोला, रेडिओ मालीत तो ध्वनितंत्रज्ञ होता. तिथल्या टेप पॅरिसला पाठवून त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. १९८७ मध्ये लंडनच्या वर्ल्ड सर्किट या रेकॉर्ड कंपनीनं अल्बम काढला आणि मग युरोप, अमेरिका. १९९४ साली अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरचं 'टॉकिंग टिंबक्टू' आलं, त्याला ग्रॅमी मिळालं. आदल्याच वर्षी हाच पुरस्कार कूडर आणि आपले विश्वमोहन भट्ट यांना मिळाला होता. म्हणजे मोहनवीणेशेजारी बसलेला माणूस तिथून उठून थेट अलीशेजारी जाऊन बसला.

आणि ग्रॅमीनंतर अली काय करतो, तर गावी जातो. भाताची खाचरं, पंप, पाट. तो स्वतःला आधी शेतकरी म्हणायचा, आणि ते नुसतं म्हणणं नव्हतं. पुढच्या अल्बमसाठी त्याला स्टुडिओत कुणी नेऊ शकलं नाही. रेकॉर्डिंगचं सामान नियाफुंकेत आणलं, एका ओस पडलेल्या इमारतीत मांडलं, वीज जनरेटरची, आणि शेतातलं काम उरकून अली येईल तेव्हा रेकॉर्डिंग. आत्ता जे ऐकतेय ते हेच, १९९९ चं 'नियाफुंके'. ठेक्याला कालाबाश आहे, सुकलेला अर्धा भोपळा पालथा घालून हातानं वाजवतात तो. त्याचा आवाज भरीव, पोटातून येणारा. आमच्या पंढरपूरकडचे भोपळे तंबोऱ्यासाठी मिरजेला जातात, वाळत घातलेले असताना लहानपणी मी त्यांच्यावर बोटं वाजवत फिरायचे. तोच आवाज.

२००४ मध्ये तो नियाफुंकेचा महापौर झाला. आपल्या भाषेत सरपंचच म्हणा. रस्ते, गटारं, गावासाठी जनरेटर, यांत स्वतःचा पैसा घातला. २००५ मध्ये तुमानी जाबातेबरोबरचं 'इन द हार्ट ऑफ द मून' आलं. तुमानी वाजवायचा तो कोरा, एकवीस तारांचं वाद्य. बामाकोत नदीकाठच्या हॉटेल मांदेत दोघं बसले, तालीम नाही, काही नाही. त्याला दुसरं ग्रॅमी मिळालं आणि महिन्याभरात, मार्च २००६ मध्ये, हाडांच्या कर्करोगानं अली गेला.

मुलगा व्ह्यू यानं गाण्यात येऊ नये, सैन्यात जावं, असं त्याचं मत होतं. गाण्याच्या धंद्यात त्याची फसवणूक झाली होती, ती कडवट चव शेवटपर्यंत गेली नाही, हे समजतं. पण बाप सैन्यात गमावलेल्यानं मुलाला तिकडेच पाठवायचं म्हणावं, हे मला उलगडत नाही. शेवटी तुमानीनं समजूत घातली, आणि मुलाच्या पहिल्या अल्बममध्ये अलीनं जाता जाता गिटारही वाजवली. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी उत्तर माली घेतला आणि संगीतावर बंदी घातली. नियाफुंकेही त्यातच. ज्या गावात शेतावरून येऊन हा माणूस वाजवायला बसायचा, त्या गावात तेव्हा तार छेडणं गुन्हा होता. हे वाचून फार त्रास झाला.

मघाशी आण्णांना फोन केला. रात्रीची लाइट असली की ते मोटार चालू करायला जागेच असतात. फोन स्पीकरला लावून गाणं ऐकवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मागं मोटारीचा आवाज येत होता.

"कुठला हाय गं हा?"

"आफ्रिकेतला, आण्णा. शेतकरी होता. भात लावायचा."

"पाणी?"

"नदीचं. पंपानं उचलायचं."

"मग बारमाही आसंल नदी." थोडं थांबून म्हणाले, "लाव अजून एक. दारं धरायला अजून येळ हाय."