शेअर पडले म्हणून फ्लॅट बघायला गेलो

आठवडाभर पोर्टफोलिओ लालेलाल. आज बायकोला म्हटलं, चल, कांदिवलीला एक साइट बघून येऊ, वीट काही रोज खाली येत नाही. (तिथल्या सेल्सच्या पोराने हेच वाक्य जसंच्या तसं टाकलं, तेव्हा जरा ओशाळलो.)

सॅम्पल फ्लॅट झकास. सहज पलंगावर आडवा झालो, तर पावलं बाहेर! बायकोने पर्समधून शिवणाची टेप काढली. पलंग साडेपाच फुटांचा. आतल्या खोल्यांना दारंच नव्हती, म्हणून ऐसपैस वाटत होतं.

किंमत ९० लाख. लोकलमध्ये हिशोब मांडला. बांधकाम चालू, म्हणून ५ टक्के जीएसटी, साडेचार लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के, ५ लाख ४० हजार. नोंदणीचे ३० हजार. म्हणजे १० लाख २० हजार वरचेच. एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, हे तिला बरोब्बर माहीत होतं.

२०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये हेच शुल्क २ टक्के होतं. तेव्हा 'थांबू, भाव अजून पडतील' म्हणणारा शहाणा मीच.

'आजच १० लाख भरा, उद्या रेट वाढतोय,' असं तो पोरगा म्हणत होता. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, रेरा या घरविक्रीच्या कायद्याचा नियम आहे, म्हटल्यावर लगेच पाच लाखांवर आला. पण तेवढ्यासाठीही पडलेले शेअरच विकावे लागणार होते.

सासऱ्यांचा आत्ताच फोन आला. विचारतायत, पाणी किती वाजता येतं तिथे? ते विचारायचंच राहिलं.